विरजण कुणाकडे जावं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, शिक्षण चौथी, तीही धड नाही, धंदा बिअर बनवणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. गल्लीत मला सगळे टाकीवाली म्हणतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. त्यातली एक झडप नीट मिटत नाही, आणि येत्या मंगळवारी डॉक्टर ती बदलणार आहेत. मी त्यांना म्हटलं, गळकी झडप असली की मी आधी वॉशर बदलून बघते. ते हसले नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

नोटरीच्या ऑफिसात एक टायपिस्ट बसते, तिने नियम सांगितले. प्रत्येक पानावर सही. खाडाखोड केली तर तिथेही सही. साक्षीदार दोन, दोघांसमोर मी सही करायची. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला, तर त्याचं मिळायचं ते बुडालं. "आणि मावशी, मोजकं लिहा," असंही ती म्हणाली. हा नियम नाही, हे तिचं मत आहे.

साक्षीदार म्हणून मी दोघांना विचारलं. एक दातांचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दुसरी माझी लेक. टायपिस्ट म्हणाली, "लेक कशी चालेल? तिला तर मिळणार ना?" मी म्हटलं, तिला काही नको आहे. तिनेच सांगितलंय.

कलम १. किरकोळ. राहतं घर भाड्याचं आहे, ते ज्याचं त्याला. खाट, कपाट आणि भांडी शेजारणीने न्यावीत. माझ्या कपड्यांना आंबट वास येतो म्हणून ती नऊ वर्षं कुरकुरली, पण या आजारपणात डबा तिनेच दिला. कपडे मात्र तिने नेऊ नयेत. बँकेत जे असेल ते नातीच्या नावावर करावं, ती मोठी झाली की तिला मिळावं. गमबूट सहा नंबरचे आहेत, उजवा जरा गळतो. ज्याला बसतील त्याने घालावेत, पण घालावेत. शोभेला ठेवायचे असतील तर फेकून द्या.

कलम २. धाकटे दीर. नवरा गेला तेव्हा लेक आठ वर्षांची होती. मी या गाळ्यात टाक्या धुवायच्या कामाला लागले, तसा धाकट्या दिरांनी निरोप पाठवला की बिअरच्या कारखान्यात हात घालणारी वहिनी आमच्या उंबऱ्यात नको. एकवीस वर्षं त्यांनी उंबरा सांभाळला. मागच्या वर्षी स्वतःच माझ्या उंबऱ्यात आले, सोबत मोठ्या कंपनीचा एक माणूस घेऊन. तो चारही नळांखाली ग्लास धरून प्यायला. चांगली आहे म्हणाला. "पण बाई, मागच्या महिन्यात मी न सांगता येऊन प्यायलो होतो, तेव्हा जरा वेगळी लागली होती."

"मागच्या महिन्यात उकाडा होता," मी म्हटलं. "तेव्हा तुम्हीही वेगळे लागला असता."

त्यांना गाळा हवा होता, कारखान्याचं नाव हवं होतं आणि बिअर आंबवायचं बरणीतलं विरजण हवं होतं. टाक्या नको होत्या. मी विचारलं, मग बिअर कशात करणार? दीर म्हणाले, "वहिनी, इथे करायचीच नाहीये. आमच्याकडे मोठा प्लँट आहे." आमच्याकडे म्हणाले! एका दुपारीत कंपनीचे झाले होते.

त्यांना मी ती तिपाई देते, जिचा एक पाय आखूड आहे. त्या दिवशी ते तिच्यावरच बसले होते आणि बोलताना डुगडुगत होते. बाकी त्यांचा कशावरही हक्क नाही. विरजणावर तर नाहीच.

कलम ३. वेल्डरची हत्यारं आणि लाकडी वल्हं. हा कारखाना मुळात वेल्डरचा. ते दूध डेअरीच्या टाक्या जोडायचे. एकदा डेअरीने एक टाकी वाकडी आहे म्हणून परत केली. त्यांनी ती ठोकून ठोकून सरळ केली आणि तिच्यात बिअर घातली. तीच आमची टाकी नंबर एक, अजून थोडी वाकडीच आहे. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्या मृत्युपत्राने गाळा, तिन्ही टाक्या आणि शीतखोली माझ्या नावावर आली. त्यांचं मृत्युपत्र चार ओळींचं होतं. माझ्याच्याने ते होणार नाही.

वेल्डिंगची हत्यारं समोरच्या सायकलवाल्याला द्यावीत, तो ती वापरतो आणि परत आणून देतो. गरम पाण्यात जव ढवळायचं लाकडी वल्हं कालव्यावरच्या बाईला द्यावं. कालव्यावर तिचा स्वतःचा छोटा बिअरचा कारखाना आहे. ती आंबट बिअर करते. एक घोट घेतला की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. माझ्या काळ्या बिअरला ती भिजलेलं पोतं म्हणते. अठरा वर्षं आमचं भांडण चालू आहे आणि माझ्या बरणीतल्या विरजणाचा एक हिस्सा तिच्या फ्रिजमध्ये आहे, तिचा माझ्या फ्रिजमध्ये. हा आमचा रिवाज आहे. एकीचं मेलं तर दुसरीकडून उठवता यावं. महिन्यातून एकदा दोघींनी एकमेकींचं ताजं करून द्यायचं, भांडण चालू असलं तरी. गेल्या दोन महिन्यांत आजारपणामुळे माझ्याकडून ते झालेलं नाही. तिने बोलून दाखवलं नाही, यावरून मी किती आजारी आहे ते मला कळलं.

वर्षातून एकदा आम्ही दोघी बसने कुठल्या तरी दुसऱ्या गावी जातो आणि तिथला छोटा कारखाना हुडकून काढतो. कुणी गॅरेजमध्ये करतं, कुणी बंद पडलेल्या छापखान्यात, एक जोडपं तर जुन्या पोहण्याच्या तलावाच्या कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये करतं, अजून हूक आहेत भिंतीला. मी आत गेल्यावर आधी जमिनीवरची मोरी बघते. मोरी स्वच्छ असली की प्यायला बसते. मला देखणे शब्द येत नाहीत, पण ही गोष्ट लिहूनच जायची आहे. सगळीकडे जिन्नस तेच चार. पाणी, जव, हॉप्सच्या वेलीची कडू फुलं आणि विरजण. पाचवं काही नाही. आणि एवढी वर्षं फिरून मी एकासारखी दुसरी बिअर प्यायलेली नाही. एक भाकरीच्या करपल्या कडेसारखी लागली. एकीला पावसानंतरच्या दगडाचा वास होता. पोहण्याच्या तलाववाल्यांची पिताना कालव्यावरची बाई, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती मग टेबलावर ठेवून नुसती त्या मगाकडे बघत बसली. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही. माणसं काय काय करतात गं." मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

कलम ४. मग आणि खिळे. भिंतीवर चौसष्ट खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एकेकाचा मग. शिंपीणबाईंच्या मगाला कानाभोवती निळा दोरा आहे, पोस्टमनचा पत्र्याचा आहे, दातांच्या डॉक्टरांच्या मगाचा टवका उडालाय आणि त्यावरून त्यांची रोज थट्टा होते. मग ज्याचे त्याचे आहेत, मी ते कुणाला देत नाही. म्हणजे दातांच्या डॉक्टरांना माझ्याकडून काही मिळालं असं होत नाही, हे टायपिस्टने नोंदवून घ्यावं.

मगवाल्यांना एवढंच सांगणं, येत राहा. थंड हवेत या, नावडती बिअर असेल त्या दिवशी या आणि नावडली तर तोंडावर सांगा. परगावी गेलात तर तिथला छोटा कारखाना शोधा, एक मग प्या, आणि मालकाला शाबासकी देऊन झाली की टाकी कोण धुतं ते विचारा. दोनाच्या वर मग कुणालाही देऊ नयेत, हा वेल्डरचा नियम चालू ठेवावा. पोस्टमनने कितीही गोड बोललं तरी.

कलम ५. विरजण. यीस्ट म्हणतात त्याला, पण वेल्डर विरजण म्हणायचे, म्हणून मीही. याबद्दल नीट लिहायला हवं, कारण मी ते एकदा मारलं आहे.

कामाला लागून मला पाच दिवस झाले होते. वेल्डर जव आणायला गेले आणि जाताना म्हणाले, "बाई, टाकी धुऊन ठेवा." त्यांच्या मनात होती टाकी नंबर एक. मला दिसली दोन, कारण तिच्यातली बिअर काढलेली होती आणि तळाशी हातभर दाट, मळकट पांढरा साका बसला होता. इतकी घाण टाकी मी जन्मात बघितली नव्हती. मी आत उतरले. गरम पाणी, सोडा, ब्रश. दोन तास घासली. आरशासारखी केली.

वेल्डर आले, आत वाकून बघितलं, आणि ओल्या जमिनीवर खाली बसले.

"बाई, काय धुतलंत?"

"घाण होती तळाला."

"ती घाण नव्हती," ते म्हणाले. "सगळं तेच होतं."

अकरा वर्षं एका बिअरमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं त्यांनी ते जगवत आणलं होतं. बाजारात पाकिटं मिळतात. पण हे या गाळ्यातच वाढलेलं होतं, याच हवेत, आणि त्यामुळेच इथली बिअर इथली लागायची. त्यांनी आवाज चढवला असता तर मी गमबूट काढून ठेवून घरी गेले असते आणि आज कुठेतरी फरशी पुसत असते. ते ओरडले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, बस.

मग मला आठवलं. तो साका मऊ होता, राखेसारखा. घरची भांडी घासायला बरा पडेल म्हणून मी मगभर बाजूला काढून खिडकीत ठेवला होता. अॅल्युमिनियमचा मग, कान तुटलेला. चोरीच म्हणायची ती. मी तो मग पुढे केला आणि म्हटलं, "हे घरी नेणार होते. रागवा." वेल्डर उठले, मगात नाक घातलं, आणि मला म्हणाले, "रागावू? बाई, पाया पडू का तुमच्या?"

जवाचं गोड पाणी करून, निववून, बरणीत भरून त्यात ते घातलं. तोंडाला नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. मला वाटलं झालं. ते म्हणाले, "नाही. आता बघायचं." दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरी घासत होते. त्यांनी हाक मारली. वाटीतल्या पाण्यात एक बुडबुडा आला. मी बोटांवर आकडे मोजले, बावीस झाले, आणि दुसरा आला. तिसऱ्या दिवशी बरणीतून फेस वर चढून नळीतून बाहेर पडत होता, आणि बरणीला हात लावला तर ती कोमट होती. चूल नाही, ऊन नाही. आपली आपण कोमट! मी हात तसाच ठेवून उभी राहिले. मी दोन बाळंतपणं झालेली बाई आहे, त्यातलं एक मूल जगलं नाही. मला माहीत आहे कोमट म्हणजे काय. भांडी घासायला काढलेलं ते माझ्या हाताखाली श्वास घेत होतं.

तेव्हापासून विरजण माझ्याकडे. खायला जवाचं पाणी, आठवड्यातून एकदा. जास्त थंडी नको, ऊन मुळीच नको. वहीत सगळं आहे. अक्षरं कमी आणि चित्रं जास्त आहेत, पण ज्याला बघायचं त्याला समजेल. तो मग खिळ्याला टांगता येत नाही, कारण कान नाही. तो खिडकीतच असतो. तो टाकायचा नाही.

कलम ६. गाळा, तिन्ही टाक्या, शीतखोली आणि विरजण मी कालव्यावरच्या बाईला देते. ती माझी काळी बिअर बिघडवणार हे मला दिसतंय. पण चालू ठेवेल.

कलम ७. माझी लेक. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला मी काही देत नाही, कारण तिने काही नको म्हणून सांगितलं आहे. का सांगितलं तेही लिहिते, नाहीतर लोक तिला बोल लावतील.

दोन वर्षांपूर्वी तिचे दिवस भरले. फोन आला तेव्हा शीतखोलीची मशीन बंद पडली होती आणि टाकी दोन तापत होती. मी म्हटलं, आलेच. बर्फाच्या लाद्या आणल्या, पोती भिजवून टाकीला गुंडाळली, ती सुकली की पुन्हा भिजवली. टाकी वाचली. हॉस्पिटलात पोचले ती दुसऱ्या दिवशी, नात आंघोळ करून झोपलेली. लेकीने माझ्याकडे बघितलं, रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "आई, तुला दोन लेकी. थोरली ती टाकी, मी धाकटी." आणि मग म्हणाली, "मला त्यातलं कधी काही देऊ नकोस."

यावर बोलायला मला तोंड राहिलं नाही. ती येते. औषधं आणते, कागद आणते, दारात उभी राहते. गाळ्याच्या आत पाऊल टाकत नाही. इथे लिहिते, कारण समोर म्हणता येत नाही: मी चुकले. टाकी मरू द्यायला हवी होती.

इथे मी मृत्युपत्र संपवलं होतं. पण बुधवारी सह्या व्हायच्या होत्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे कुणाची तरी दाढ अडकली, म्हणून सह्या राहिल्या. लेक आली होती. दारातच कागद वाचले. कलम सात वाचायला तिला जरा जास्त वेळ लागला. मी टेबल पुसत राहिले. पुसलेलं पुन्हा पुसलं. मग ती मान न वळवता म्हणाली, "आई, दोन नंबर सावकाश चाललीय का?"

मी कान दिला. टाकीची नळी बादलीत सोडलेली असते, तिचा बुडबुडा येतो. मला रोजच्यासारखाच वाटला.

"नाही," ती म्हणाली. "शाळेतून यायचे तेव्हा मी या आवाजावर पाढे म्हणायचे. हा सावकाश आहे." आणि ती आत आली. दोन वर्षांनी. टाकीला कान लावला, हात लावला. "शेवटचं खायला कधी घातलंस?"

मला सांगता येईना. आजारपणात दिवसांचा हिशोब राहिला नव्हता. कालव्यावरच्या बाईकडचाही हिस्सा जुना झालेला. लेकीने पर्समधून रक्त घ्यायची छोटी काचेची नळी काढली, बरणीतून बोटभर विरजण घेतलं, बूच लावलं आणि गेली. जाताना म्हणाली, "शुक्रवारी उपाशीपोटी ये. तुझंही रक्त घ्यायचंय."

शुक्रवारी गेले. तिने स्वतःच सुई लावली, दुखलं नाही. मग म्हणाली, "इथे बस. डोळा नळीला चिकटवू नकोस, जरा लांब धर."

मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं.

बावीस वर्षं मी त्याला खायला घातलं, थंडीत पांघरूण घातलं, शिव्या दिल्या. पण ते म्हणजे साका, दाट, मळकट, हीच माझी समजूत. तिथे काचेवर बारीक चौकटी आखलेल्या होत्या आणि चौकटीत गोल गोल, एकेक वेगळं, कडा चमकणारी, जशी कुणी मोजून मांडलीत. हलत होती, जराशी. एका थेंबात एवढी, तर बरणीत किती, आणि टाकीत किती? माझी मान अवघडली तरी मी डोळा काढला नाही. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तपासायला काही घेऊन आला होता, तो म्हणाला, "मॅडम, मशीन?" लेक म्हणाली, "थांब. माझी आई बघतेय."

"निळी दिसतात ती मेलेली," तिने सांगितलं. "रंग घातलाय. जिवंत असतात ती रंग आत घेत नाहीत."

"निळीच फार दिसतात गं."

"शंभरात चाळीस. तुझ्या रक्तासाठी वापरतो त्याच चौकटीत मोजली."

मग ती म्हणाली, "डावीकडे वर बघ. एक मोठं आणि त्याला चिकटून लहान. दिसलं? मोठी ती आई आणि लहान ती लेक. थट्टा नाही, पुस्तकात असंच म्हणतात. लेक आईच्या अंगातूनच फुटते. सुटून गेली की आईच्या अंगावर तिथे वण राहतो. या मशीनमध्ये दिसत नाही, पण असतो. किती लेकी झाल्या ते वणांवरून मोजता येतं."

मी बघत राहिले. कितीही वेळ बघितलं असतं. मी म्हटलं, "वण जातो का नंतर?"

"नाही," ती म्हणाली. "पण आईला पुढची लेक व्हायला त्याची अडचण येत नाही."

त्या संध्याकाळी आणि शनिवारी दोनदा ती गाळ्यात आली. जवाचं पाणी स्वतः केलं, माझी चित्रांची वही समोर ठेवून. एका पानावर मी काढलेल्या मडक्याला ती बराच वेळ बदक समजत होती. रविवारी तिने पुन्हा काच नेली आणि फोन केला. हॅलो नाही, काही नाही. "शंभरात पंचाण्णव," म्हणाली आणि ठेवून दिला. मी फोन हातात धरून टाकीपाशी गेले. नळी बादलीत जोरात बुडबुडत होती. तिच्या पाढ्यांच्या वेगाने.

तरीही मी कलम सहा तसंच ठेवलं होतं. तिला विचारायची माझी हिंमत नव्हती, हे सरळ लिहिते. जिने काही नको म्हटलं तिच्या हातात दिलं, तर ते देणं होत नाही, लादणं होतं.

आज सोमवार. दुपारी गाळ्यात दातांचे डॉक्टर आले, लेक आली, आणि खाडाखोड बरोबर झालीय का बघायला टायपिस्टही आली. येतायेताच म्हणाली, "मी पीत नाही." मी म्हटलं, तुला कुणी दिली? मी सही करायला बसले, तर लेक म्हणाली, "थांब." आणि टायपिस्टला विचारलं, "मी इथे साक्षीदार म्हणून सही केली, तर मला यातलं काही मिळू शकत नाही. असंच ना?"

"हो. पण तसंही तुम्हाला काही मिळत नाहीये," टायपिस्ट म्हणाली. "सातव्या कलमात स्वच्छ लिहिलंय."

"म्हणूनच विचारते." लेकीने पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "मग मी सही करत नाही."

दातांचे डॉक्टर रिकाम्या मगात बघू लागले.

मी म्हटलं, "का गं?"

"आई, सहा खोड."

"कालव्यावरच्या बाईला मी शब्द दिलाय."

"तिला मी सकाळी विचारून आले. ती म्हणाली, बरी सुटले, त्या म्हातारीची काळी बिअर मला जन्मात जमली नसती." मग हळू म्हणाली, "नोकरी मी सोडणार नाही. ती मला शिकवेल, मी तिला मोजून देईन. दर रविवारी. आणि तू उद्या मरायचं नाहीयेस, कळलं का? सगळं वहीत नाही. बदक कसलं ते मला अजून समजलेलं नाही."

"मडकं आहे ते," मी म्हटलं.

"खाडाखोडीवर सही लागेल," टायपिस्ट म्हणाली. "आणि कलम सातवरही."

म्हणून कलम ६ आणि कलम ७ मी आज माझ्या हाताने खोडले आहेत. खोडल्याखालचं दिसत राहिलं तरी वाचू नये असा नियम आहे म्हणे, पण लोक वाचतील. कलम सातमधलं ‘मी चुकले’ आणि त्यापुढचं वाक्य मात्र मी खोडलेलं नाही.

कलम ८. गाळा, तिन्ही टाक्या, शीतखोली, चौसष्ट खिळे, चित्रांची वही, खिडकीतला कान तुटलेला मग आणि विरजण मी माझ्या लेकीला देते. अट नाही. एक सांगणं: टाकी तापली आणि त्याच दिवशी तुझ्या लेकीने हाक मारली, तर टाकी सोड. थोडंसं मगात काढून खिडकीत ठेव आणि जा. ते थांबतं. मी बघितलंय.

हे सगळं मी वाचून, समजून, आणि टायपिस्टने दोनदा उसासा टाकल्यानंतर लिहून पूर्ण केलं आहे. याच्यात मी कुणाच्या सांगण्यावरून एकच गोष्ट केली, ती वर लिहिली आहे.

सही: टाकीवाली

स्थळ: गाळ्यातलं टेबल, टाकी नंबर दोनपासून चार पावलांवर

दिनांक: सोमवार, १४ ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. मगाचा टवका त्यांनी स्वतः पाडलेला आहे, त्याला मी जबाबदार नाही.

साक्षीदार दुसरी: नोटरीच्या ऑफिसातली टायपिस्ट. माझ्यासमोर सही केली. अर्धा मग घेतला, सहीनंतर.

तिच्या नावाखाली जे नाव खोडलेलं दिसतं ते माझ्या लेकीचं आहे. ती साक्षीदार नाही, कारण तिला मिळणार आहे. खाडाखोडीवर सही माझी.